काहीही दिसलं तरी स्पिटफायर!

जुन्या विमानाच्या कॉकपिटचा फोटो समोर आला, की आधी उत्तर द्यायचं. फोटो नंतर सावकाश बघता येतो. उत्तर पाठच करून ठेवा: स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. ‘त्याच युद्धातलं दुसरं ब्रिटिश विमान, हरिकेन, कशावरून नाही?’ असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर स्टिकच्या (विमान वळवायच्या दांड्याच्या) टोकाची गोल कडीसारखी मूठ दाखवा. तशीच मूठ हरिकेनलाही असते, आणि पॅनेलच्या मधोमध असलेला सहा डायलांचा संचही दोघांत सारखाच. पण ते आपण होऊन सांगायची काही गरज नाही.

आकडे वाचण्याच्या भानगडीत तर पडूच नका. वेग किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दिसली, की विमान ब्रिटिश नसावं अशी शंका येते, आणि शंका आली की रुबाब गेला. रशियन अक्षरं दिसली, तर फोटो उलटा छापलाय म्हणून मोकळं व्हा. मिग-१५ या सोव्हिएत लढाऊ जेटच्या पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान स्पिनमध्ये सापडून गिरक्या घेत कोसळू लागलं, तर स्टिक नेमकी कुठे ढकलायची हे घाबरलेल्या वैमानिकाला कळावं, म्हणून ती आखलेली. तुम्ही म्हणा, रंगाऱ्याचा हात घसरला.

इंजिनं मात्र जरूर मोजा. लिव्हर तितकी इंजिनं, सोपा हिशेब. दोन इंजिनांच्या डीसी-३ विमानात थ्रॉटल, प्रॉपेलर आणि मिक्स्चर यांच्या दोन-दोन मिळून सहा लिव्हर दिसतात. म्हणजे सहा इंजिनांची डीसी-३ शोधून काढल्याचा मान तुमचाच. (मी स्वतः एकदा ग्लायडरचं कॉकपिट बघून इंजिनाचं मॉडेल सांगितलं आहे. कुणी हू की चू केलं नाही.) तीन इंजिनांच्या फोर्ड ट्रायमोटर विमानात पंखांखालच्या दोन इंजिनांचे मापक बाहेर, इंजिनांच्या आधारदांड्यांवरच बसवलेले असत आणि वैमानिक ते खिडकीतून वाचत. तेव्हा कॉकपिटात डायल कमी दिसले, तर फोटो कापलाय असा आरोप करा.

मोटारीसारखं दार आणि खाली होणारी काच दिसली, तर ते पी-३९ एअराकोब्रा हे लढाऊ विमान असू शकतं. पण ‘ही गाडी आहे’ म्हणण्यात जास्त मजा आहे.

वेताची खुर्ची आणि समोर काचच नाही? हा बाल्कनीचा फोटो समजून फेकून देऊ नका. एकट्याने न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमानात समोर इंधनाची टाकी होती, पुढचं बघायला पेरिस्कोप, नाहीतर बाजूची खिडकी. १९२७ मध्ये तो त्या खुर्चीत साडेतेहतीस तास बसला. तुम्हाला फोटोसमोर साडेतीन मिनिटं बसवत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तरीही उत्तर चुकलंच, तर मार्कवर, म्हणजे विमानाच्या आवृत्तीवर, ढकला. स्पिटफायरच्या मार्कांचे आकडे २४ पर्यंत गेले. एवढ्यांत एखादा तरी फोटोतल्यासारखा असेलच की! आणि आजही उडत्या ठेवलेल्या विमानात पॅनेलच्या कोपऱ्यात जीपीएस चमकताना दिसला, तर आवाज खाली आणून सांगा, ‘युद्धात हे फार गुप्त ठेवलं होतं.’