रॉकी हरला होता, गजूभाऊ

गजूभाऊचं म्हणणं सरळ. “बॉक्सिंगचा पिक्चर म्हंजे रॉकी. बाकी सारे त्याचे लेकरं.”

दर्यापूर रोडच्या फाट्यावर, पानठेल्याच्या बाकड्यावर बसून असं काही बोलणं म्हणजे भांडणाला आवतनच. पिंट्या जिल्ह्यापर्यंत बॉक्सिंग खेळलेला, सध्या पोलीस भरतीसाठी पळतो. सारंग पुण्यात कंपनीत, दिवाळीत गावी आला की आम्हाला सबटायटलवाले पिक्चर पाहायला लावतो. आणि सर रिटायर झाले, पण वर्ग घेणं सुटलं नाही.

गजूभाऊचा रॉकी मंडळानं भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवरचा. “बर्फात ओंडका खांद्यावर घेऊन चालते, लाकडं फोडते, अन् मंग त्या रशियनले झोपवते! दाखवा बरं असा दुसरा.”

“तो चौथा भाग, १९८५चा,” सर म्हणाले. “पहिला १९७६चा. ऑस्कर त्याले भेटलं. अन् त्यात रॉकी हरते.”

“काय बोलता सर! रॉकी हरते?”

“हरते. पंधरा राउंड उभा राहते, पण निकाल समोरच्या अपोलो क्रीडचा.”

एका खर्ऱ्याची पैज लागली. सारंगनं मोबाइलवर शेवट लावला. घंटा होते, रिंगमध्ये गर्दी घुसते, सुजलेल्या डोळ्यांचा रॉकी त्याच्या एड्रियनला, प्रेयसीला हाका मारत सुटतो, आणि त्या गोंधळात मागून कुठूनतरी निकाल जाहीर होतो. पंचांची मतं विभागून, पण जिंकतो अपोलोच. गजूभाऊनं तो तुकडा दोनदा पाहिला. माझ्या मते यात त्याचा काही दोष नाही. निकाल ऐकूच येऊ नये, अशाच बेतानं तो प्रसंग रचलाय. दुसऱ्या भागात दोघंही आडवे होतात, दहा मोजायच्या आत रॉकी एकटा उठतो, तिथं तो जिंकतो. गजूभाऊच्या डोक्यात सगळे भाग एकातएक मिसळले होते.

सरांना मग जोर चढला. २४ मार्च १९७५ला चक वेपनर नावाचा एक गडी मुहम्मद अलीपुढं उभा राहिला. कोणी त्याला मोजत नव्हतं. नवव्या राउंडमध्ये अली खाली बसला (वेपनरचा पाय पायावर पडला म्हणून, असं अलीचं म्हणणं), आणि पंधराव्यात शेवटचे १९ सेकंद उरले असताना रेफ्रीनं वेपनरची फाईट थांबवली. ती पाहून स्टॅलोननं, म्हणजे पडद्यावरच्या रॉकीनंच, रॉकी लिहिला. “म्हंजे मुळातच हरलेल्या मानसाची गोष्ट आहे बाप्पा,” सर म्हणाले.

“पन फाईट खोटी आहे,” पिंट्या एवढा वेळ गप्प होता. “हात कोनी वर धरतच नाही. एवढे ठोसे खरंच तोंडावर बसले त रेफ्री तिसऱ्या राउंडातच थांबवते. आमचे तीन-तीन मिनिटाचे तीन राउंड, त्यात निम्मे ठोसे ग्लोव्हजवर जातात. पाहणाऱ्याले वाटते, काहीच नाही होऊन राह्यलं. अन् हात त असे भरून येतात का बाटलीचं झाकन निघत नाही.”

सारंग याच क्षणाची वाट पाहत होता. “मग रेजिंग बुल पाहा. १९८०चा, स्कॉर्सेसीचा. ब्लॅक अँड व्हाइट. कॅमेरा रिंगच्या आतच राहतो. रिंगही कधी मोठी, कधी छोटी बांधली, आतल्या माणसाला जशी वाटते तशी. त्यातला बॉक्सर जेक लामोटा, खराखुरा होऊन गेलेला. त्याचा म्हातारपणाचा भाग करायला हिरो डी निरोनं शूटिंग थांबवून साठेक पौंड वजन वाढवलं. आणि ठोशाचा आवाज काढायला टरबूज, टमाटे फोडले.”

“टरबूज?” पानठेलेवाले मामा सुपारी कातरता कातरता थांबले. “चांगले टरबूज?”

सारंगचा मुद्दा तिथं सांडला तो सांडलाच. खरं सांगायचं तर पिक्चर मोठाच आहे. १९५१च्या फेब्रुवारीत शुगर रे रॉबिन्सन हा बॉक्सर लामोटाला दोरीला टेकवून बडवतो. लामोटा हरतो, पण खाली पडत नाही, आणि तेवढ्याचाच त्याला माज. मात्र बायकोवर संशय घेणारा, भावाला मारणारा हा माणूस तीन तास सोबत घेऊन बसवत नाही. पिक्चर दोन तासांवर थोडाच आहे म्हणा, वाटतो तीनाचा. मी एकदा पाहिला, मानला, परत लावला नाही.

मेरी कोमचा विषय गजूभाऊनंच काढला. २०१४चा, प्रियांका चोप्राचा. पिंट्यानं मान हलवली. “मेहनत केली तिनं, दिसते. पन ‘साला खडूस’ पिक्चर पाह्यला का? त्यातली रितिका सिंग आधी खरीच फायटर, मंग हिरोईन. ठोसा खांद्यातून येते, पाय सोबत फिरते. नटीले बॉक्सिंग शिकवनं अन् बॉक्सरले नटी बनवनं, यात फरक राह्यते ना भाऊ.” यावर कोणी वाद घातला नाही. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ला पोलंडमध्ये युवा विश्वविजेती झाली, हे त्यानं जाता जाता सांगितलं. आमच्यातल्या दोघांना ते माहीतही नव्हतं.

खरी ठिणगी ‘मुक्काबाज’ या पिक्चरवर पडली. बरेलीचा श्रवण, अंगात दम, पण ज्याच्या हातात फेडरेशन त्याच्याशीच त्याचं वाकडं. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागतो आणि साहेबाची हांजी हांजी करत बसतो. कोच दलित, म्हणून त्याचाही हिशेब वेगळा. श्रवणचं काम करणाऱ्या विनीत कुमार सिंगनं हे बहिणीसोबत लिहिलं आणि स्वतःच अंगावर घेतलं.

“हा पिक्चर मले कोनी समजावून नोका सांगू,” पिंट्या म्हणाला. “रॉकीले निदान रिंगमंदी त जाऊ देलं! आपल्या इथं मानूस यादीतच हरते. सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षन आहे खेळाडूचं, पन सर्टिफिकेट कोनतं चालते अन् कोनतं नाही, हे विचारता विचारता वय निघून जाते.”

गजूभाऊनं पुडी उघडली, पण खर्रा तोंडात टाकला नाही.

माझं मत विचाराल तर सारपट्टा परंबरै. पा. रंजितचा, २०२१चा तमिळ पिक्चर. उत्तर मद्रासमधल्या बॉक्सिंगच्या परंपरा, गोदीतला हमाल कबिलन, आणि बाहेर आणीबाणी. डान्सिंग रोज नावाच्या बॉक्सरसोबतची फाईट पिंट्यालाही पटते. तो गडी अक्षरशः नाचत मारतो, आणि कबिलनला आधी त्याचे पाय वाचावे लागतात. मग मोठ्या फाईटीत कबिलन जिंकत आला असताना मंडपात राडा होतो, त्याचे कपडे फाडले जातात, आणि पोलीस गुरूला उचलतात. तो हरत नाही, त्याला जिंकू देत नाहीत. दारूत बुडतो तो पुढचा भाग लांबलाय, ते कबूल. पण आपल्याकडच्या बैलांच्या शंकरपटात, कुस्तीच्या दंगलीत कोण उतरतो आणि बक्षीस कोणाच्या हातून घ्यावं लागतं, हे पाहिलेल्या माणसाला तो पिक्चर परका वाटणार नाही.

“म्हंजे तुमचे सारे पिक्चर हरन्याचेच,” गजूभाऊ वैतागला. “जिंकनारा एक त सांगा!”

“सांगतो, अन् खराखुरा,” सर म्हणाले. ३० ऑक्टोबर १९७४, आफ्रिकेतलं किन्शासा. अलीसमोर जॉर्ज फोरमन, ज्याच्या ठोशाला लोक घाबरत. अली दोरीला टेकून राहिला, हात तोंडापुढं, मार खात गेला. फोरमन मारून मारून थकला, आणि आठव्या राउंडमध्ये अलीनं त्याला पाडलं. व्हेन वी वेअर किंग्ज नावाचा माहितीपट आहे त्यावर, १९९६चा.

“माहितीपट नाही चालत, पिक्चरचं बोलून राह्यलो आपन,” सारंग म्हणाला.

“तू थांब बे,” गजूभाऊ उठून उभा राहिला. “आठ राउंड मार खाल्ला, दोरीले टेकून उभा राह्यला, अन् शेवटी जिंकला? मंग मी सकायपासून दुसरं काय सांगून राह्यलो? हा रॉकीच झाला ना!”

सरांनी तोंड उघडलं. पिंट्यानं त्यांच्यापुढं चहाचा ग्लास धरला. “राहू द्या सर.”