भाडं पाण्यात जात नाही

भाच्याने गेल्या आठवड्यात पाठवलेला मेसेज माझ्याकडे आधीच चार ग्रुपमधून येऊन गेला होता. ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात. २५ हजार भाडं देता, त्यात थोडे घालून हप्ता भरा, घर तुमचं. कर वाचेल, आणि जागेचा भाव कधी पडत नाही.’ भाचा २६ वर्षांचा, ऐरोलीत नोकरीला आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरचा सॅम्पल फ्लॅट बघून टोकन द्यायच्या बेतात होता. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते ‘थोडे घालून’. २५ हजार भाड्याच्या फ्लॅटची किंमत ८० लाख धरू. ६० लाख कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता ५२ हजार, म्हणजे भाड्याच्या दुप्पट. उरलेले २० लाख पदरचे. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार (बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, आणखी ४ लाख. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं सुरूच. यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नाही.

आणि पाण्यात काय जातं? पहिल्या हप्त्यातले ४२,५०० व्याजाचे, मुद्दल फिटतं जेमतेम साडेनऊ हजार. २० वर्षांत नुसतं व्याज ६५ लाख. भाडं दरवर्षी थोडं वाढतं हे मान्य. पण आजचे फरकाचे २७ हजार दर महिन्याला पीपीएफ आणि इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकानुसार चालणारा म्युच्युअल फंड) मिळून गेले, तर भाडेकरूचीही पुंजी उभी राहते. ते खर्च झाले, तर मात्र मेसेज लिहिणाऱ्याचं खरं ठरेल. सगळी मेख तिथेच आहे.

कराचं थोडक्यात: राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, आणि भाचा नव्या प्रणालीत आहे.

भाव पडो न पडो, व्याजदर वाढला की हप्ता किंवा मुदत वाढते. रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५. तेव्हा कितीजणांची कर्जं वर्षानुवर्षं लांबली! नोकरी गेली तर भाड्याचं घर महिन्याभराच्या नोटिशीवर सोडता येतं, कर्जाचं नाही.

एक गोष्ट मात्र मी मनापासून मानते. दर ११ महिन्यांनी नवा करार, पुन्हा ब्रोकरेज, मालकाने सांगितलं की घर खाली. माझ्या बहिणीने याच शहरात अशी चार घरं बदलली, एकदा तर भाच्याची दहावीची परीक्षा तोंडावर असताना. स्वतःच्या घराची ओढ तिथूनच येते. मुलं शाळेत असतील आणि सगळं भरूनही सहा महिन्यांचा खर्च बाजूला राहत असेल, तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर ताब्याची तारीख बघून खुशाल घर घ्यावं.

भाच्यासोबत कागदावर हिशेब मांडला, तेव्हा कळलं की पदरचे ते २० लाख भावोजींच्या प्रॉव्हिडंट फंडातून येणार होते. भावोजी येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. टोकन तूर्त थांबवलंय.