सफरचंदावरचे मेण: फिरत्या व्हिडिओबाबत खुलासा

सफरचंदावर उकळते पाणी ओतले की साल पांढुरकी होते, सुरीने खरवडल्यावर पांढरा भुगा निघतो आणि हाच विषारी प्लास्टिकचा पुरावा, असे सांगणारा व्हिडिओ पुन्हा फिरतो आहे. जे दिसते ते खरे आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

सफरचंदाच्या सालीवर मुळातच मेणाचा नैसर्गिक थर असतो. काढणीनंतर फळे धुताना तो काही अंशी निघून जातो आणि आतले पाणी उडून फळ सुरकुतू नये म्हणून त्यावर पुन्हा पातळ लेप देतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यासाठी मधमाशांचे मेण, ब्राझीलमधील कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे मेण किंवा लाखेचे मेण वापरता येते. मात्र लेबलवर तसा उल्लेख बंधनकारक आहे. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला, तर कार्नौबा ८० अंशांच्या वर वितळते, म्हणजे उकळत्या पाण्याने दोन्ही पातळ होणारच. थंड होताना त्यांचे बारीक स्फटिक प्रकाश विखुरतात, म्हणून थर पांढरा दिसतो. मेणबत्तीचा पाण्यासारखा नितळ ओघळ खाली येता येता पांढरा होतो, तो याच कारणाने.

थोडक्या प्रमाणातले हे मेण शरीरात फारसे पचत नाही, तसेच बाहेर पडते. कार्नौबा तर औषधी गोळ्यांना चकाकी देण्यासाठीही वापरतात. परवानगी नसलेले मेण कोणी लावत असेल, तर तो गुन्हाच आहे. पण ते या गरम पाण्याच्या प्रयोगाने ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.