'हवा सगळ्यांना सारखीच' म्हणणाऱ्यांसाठी

"हवेला जात कळत नाही. लोक स्वस्त घर बघून धुळीजवळ गेले. अमेरिकेतलं रेडलायनिंग तर 1968 लाच संपलं, ते गोव्यात कशाला उकरता?" असा मजकूर सध्या खूप फिरतोय.

लोक स्वतःहून गेले? 1930 च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवी श्रेणी 'ए' म्हणजे कर्जासाठी सर्वांत चांगली, लाल श्रेणी 'डी' म्हणजे सर्वांत धोक्याची. रेडलायनिंग हे नाव या लाल रंगावरूनच पडलं. कृष्णवर्णीयांची वस्ती हेच श्रेणी घसरण्याचं एक कारण असे. अशा भागांत कर्जाला विमा नाकारला जाई आणि नव्या उपनगरांतल्या कित्येक खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर न विकण्याची अट असे. मग जायचं कुठे? काही लाल भागांत कारखाने आधीपासून होते, हे मान्य. पण 1956 नंतरचे कित्येक महामार्गही अशाच वस्त्यांतून काढले गेले.

1968 च्या कायद्याने घर विकताना, भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी आली. महामार्ग मात्र जागचे हलले नाहीत. 202 शहरांच्या 2022 च्या अभ्यासात 'डी' भागांत नायट्रोजन डायऑक्साइड 'ए' भागांपेक्षा सरासरी 50 टक्क्यांहून अधिक जास्त निघाला. पीएम 2.5 मधला फरक कमी होता, कारण ते सूक्ष्म कण दूरवर पसरतात. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड मात्र रस्त्यापासून काही शे मीटरांत बराच विरतो.

गोव्याचा इतिहास वेगळा, तो नकाशा इथे लावू नये. पण भाड्याचं घर देताना आडनाव आणि धर्म इथेही विचारतात, आणि वास्कोत कोळसा हाताळणाऱ्या बंदराला लागूनच वस्ती आहे. शहरातल्या हवा मोजणाऱ्या एकाच केंद्राचा आकडा दाखवून 'सारखीच हवा' म्हणता येत नाही. मोजून बघा. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी डिफ्यूजन ट्यूब (हवेतला वायू शोषून घेणारी छोटी नळी, जी नंतर प्रयोगशाळेत तपासतात) रस्त्यालगत, 50 मीटर आत आणि 300 मीटर आत लावा. उंची दोन-तीन मीटर, एकाच वेळी दोन ते चार आठवडे, स्वयंपाकघराची खिडकी आणि जनरेटरपासून लांब. एक ट्यूब न उघडता तुलनेसाठी ठेवा.

कोळशाची धूळ यात दिसणार नाही. ती जाडसर असते, म्हणून पीएम 10 (10 मायक्रोमीटरपर्यंतचे कण) मोजा; भारतात 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. स्वस्त लेझर सेन्सर जाडे कण नीट पकडत नाहीत आणि पावसाळ्यातल्या दमटपणात आकडा फुगवतात. प्रत्येक जागेपुढे दोन वर्षं लिहा: घरं कधीची आणि रस्ता किंवा बंदराचा धक्का कधीचा. आधी कोण आलं, हे त्यावरून कळेल.