गूळ खा, टाकी विसळा आणि खुशाल वेल्डिंग मारा?

आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे असले मेसेज माझ्याकडे येतच असतात आणि मी ते पुसून टाकतो. या वेळी तो सख्ख्या भाच्याकडून आला. तो सांगलीजवळ एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर आहे. शेडच्या ग्रुपवर मेसेज खुद्द मालकाने टाकलेला, खाली अंगठ्यांची रांग. भाच्याने विचारलं होतं, "मामा, उद्या ट्रॅक्टरची टाकी यायची आहे. हे काडीचं खरंय का?" त्याला फोनवर सांगायचं ते सांगितलं, ते इथे छापण्यासारखं नाही. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

मेसेजचं नाव "जुन्या मिस्त्रींचे सहा मंत्र". एक, काम झाल्यावर गुळाचा खडा आणि ग्लासभर दूध घेतलं की धूर छातीत राहत नाही. दोन, नुसता टाका (क्षणभराचं छोटं वेल्डिंग) मारायचा असेल तर काळी काच लागत नाही, डोळे मिटले की झालं. तीन, डोळे लागले, म्हणजे वेल्डिंगच्या उजेडाने चुरचुरायला लागले, तर बटाट्याचा काप ठेवा, नाहीतर मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणा. चार, डिझेलची रिकामी टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा विसळून उन्हात वाळवली की खुशाल वेल्डिंग करा. शंका असेल तर तोंडाशी काडी पेटवून बघा. पाच, वेल्डिंगच्या करंटने माणूस मरत नाही, कारण व्होल्टेज कमी असतं. सहा, कॉन्टॅक्ट लेन्स लावली असेल तर ती वितळून बुबुळाला चिकटते.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बहुतेक मंत्र माणसाला सावकाश मारतात.

काडी लावल्यावर टाकी उडाली नाही, म्हणजे टाकी सुरक्षित, असं हा मंत्र सांगतो. आणि उडाली तर? तर बहुतेक शंका उरत नाही आणि शंका घेणाराही उरत नाही. पण काडीची खरी फसवणूक टाकी उडत नाही तेव्हाच असते. डिझेल हे पेट्रोलसारखं नाही. साध्या हवेत त्याची वाफ इतकी कमी निघते की काडी बऱ्याचदा विझून जाते. मिस्त्री म्हणतो, बघ, काही नाही. मग तो आर्क, म्हणजे वेल्डिंगची प्रखर ठिणगी, पेटवतो. टाकीच्या पत्र्याला जिथे दुमड असते, आत डिझेल हिंदकळू नये म्हणून लावलेले आडवे पत्रे असतात, तळाला गंजाचे पापुद्रे आणि गाळ असतो, तिथे डिझेल मुरलेलं असतं. साबणाचं पाणी वरून फिरतं आणि वासही घालवतं, पण दुमडीत शिरत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा तापला की हेच मुरलेलं डिझेल वाफ होऊन बंद टाकीत साठतं, आणि पेटवायला आर्क बाहेर तयारच असतो. काडीने तपासलेली टाकी आणि वेल्डिंग चालू असलेली टाकी या दोन वेगळ्या टाक्या आहेत.

किती डिझेल पुरतं? 200 लिटरच्या बॅरलमध्ये साधारण 15 मिली, म्हणजे एक मोठा चमचा उरला तरी स्फोटाला पुरेसं होऊ शकतं. बॅरल उलटं केल्यावर एक थेंब पडत नाही, तरी एवढं आत असू शकतं. स्फोटात बॅरलचं झाकणच सुटून येतं, आणि वेल्डिंग करणारा नेमका त्याच्यावर वाकलेला असतो.

हे काही आज शोधलेलं ज्ञान नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 37 व्या कलमातच लिहून ठेवलं होतं की ज्या टाकीत किंवा भांड्यात स्फोटक वा ज्वलनशील पदार्थ होता, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय तिथे वेल्डिंग, ब्रेझिंग, डाग देणं किंवा कटिंग करायचं नाही. वाफ हा शब्द त्यात वेगळा घातलेला आहे. पण रस्त्याकडेच्या शेडमध्ये कलम वाचायला कोण जातो, आणि तपासायला तरी कोण येतो.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. जुने मिस्त्री पाणी वापरायचे हे खरं आहे, आणि त्यातली एक रीत बरोबरही आहे. टाकी विसळायची नसते, भरायची असते. जिथे टाका मारायचा तिथपर्यंत, त्याच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही, आणि झाकण उघडं ठेवायचं. तरीही आधी गरम वाफेने टाकी नीट साफ केलेली हवी. पुढे कुणीतरी "भरा"चं "विसळा" केलं आणि मंत्र तयार झाला. काही जण ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला पाइप लावून धूर टाकीत सोडतात, धुराने आग लागत नाही म्हणून. डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर त्याच्या धुरात भरपूर ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. म्हणजे टाकीत गेला धूर, आणि राहिली हवा. माझं मत विचाराल तर ट्रॅक्टरची टाकी नवी घ्यावी. बदलणं महाग वाटतं ते फक्त स्फोट होईपर्यंत.

गुळाचं आणि दुधाचं. दूध अन्ननलिकेतून पोटात जातं, धूर श्वासनलिकेतून फुप्फुसात जातो. दोघांची भेट होत नाही. मग दुधाने बरं वाटतं असं इतके जण का सांगतात? जी.आय. पाइपला, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी पाइपला, वेल्डिंग मारलं की जस्ताचा पांढरा धूर येतो. तो छातीत गेला की चार-सहा तासांनी, बहुतेक रात्री, थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येतं. हा ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. तेवढ्यात दोन ग्लास दूध पोटात गेलेलं असतं, आणि श्रेय दूध घेऊन जातं.

गुळाच्या बाजूने मात्र एक खरा कागद आहे. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1994 साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कोळशाची आणि सिलिकाची धूळ जास्त बाहेर सरकली. गुळाचे वकील या अभ्यासावर फार उड्या मारतात. उंदीर होते, आणि धूळ कोळशाची नि सिलिकाची होती. वेल्डिंगच्या धुरातले कण बहुतांश एका मायक्रॉनपेक्षा बारीक, त्यात मँगनीज, स्टेनलेस स्टीलवर काम असेल तर षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), वर ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. वायूला गूळ कुठून बाहेर काढणार?

मालकांनी वाचावं असं एकच वाक्य सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, 1989 साली वेल्डिंगचा धूर "कदाचित कर्करोगकारक" म्हणून ठेवला होता. 2017 साली तज्ज्ञांनी पुरावे पुन्हा तपासून तो थेट पहिल्या गटात नेला, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध, फुप्फुसाचा. तंबाखू याच गटात आहे. (गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, पण पुरावा पक्का आहे.) त्यानंतर 2019 साली ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने साध्या लोखंडाच्या वेल्डिंगलाही शेडच्या आत धूर ओढणारी सोय सक्तीची केली. आपल्याकडे त्याच जागी गुळाचा खडा. गूळ स्वस्त आहे, एक्झॉस्ट महाग, एवढंच या मंत्राचं रहस्य. तोंडाला बांधायचा ओला रुमालही याच माळेतला. निदान पी2 किंवा एन95 मास्क तरी घ्या, तोही वायू अडवत नाही हे लक्षात ठेवून, आणि धूर तोंडावर येईल असं वाकून बसू नका.

डोळे मिटून टाका मारणं. पापणी म्हणजे कातडीच, तीही अंगावरची सर्वांत पातळ. अतिनील किरणांनी ती भाजते, आणि डोळे मिटायच्या आधीचा आर्क डोळ्यात गेलेलाच असतो. डोळे लागतात ते सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, वाळू गेल्यासारखे; म्हणून कारण कळत नाही. बटाट्याने थंड वाटतं, एवढं देऊन टाकतो. पण कापलेला, हात लागलेला बटाटा सोललेल्या बुबुळावर ठेवणं म्हणजे जंतूंना घरी बोलावणं. बधिर करणारे थेंब त्याहून वाईट. डॉक्टर ते तपासताना एखादा टाकतात, घरी देत नाहीत, कारण वारंवार टाकले तर बुबुळ भरून येत नाही, कायमचं खराबही होऊ शकतं. पोरं मात्र बाटली खिशात घेऊन फिरतात. स्वच्छ पाणी, अंधारी खोली, सकाळी डोळ्यांचा डॉक्टर. आणि काम करताना हातातली काच नव्हे, डोक्याचं हेल्मेट, म्हणजे टाक्यालाही काच समोर असते.

पाचवा मंत्र. मशीन चालू आहे पण आर्क पेटलेला नाही, तेव्हा होल्डरवर (वेल्डिंगची कांडी धरायच्या मुठीवर) साधारण 80 व्होल्ट असतात. घामाने भिजलेल्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो, म्हणजे 80 मिलिअँपिअर. घरातलं आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारं बटण, 30 मिलिअँपिअरला पडतं, ते उगाच नाही. जुन्या एसी ट्रान्स्फॉर्मरवर पावसाळ्यात ओल्या फरशीवर बसून काम करणारा वेल्डर नेमका याच जागी असतो. कोरडे चामडी हातमोजे, खाली कोरडी फळी, होल्डरचं तुटलेलं बॅकेलाइट (वीज अडवणारं आवरण) बदलणं. आणि शिडीवर असाल तर शॉकने न मरताही पडून मरता येतं.

लेन्सचं सांगून संपवतो. ही अफवा अनेक दशकं फिरतेय आणि खोटी आहे. आर्कची उष्णता लेन्स वितळवण्याइतकी डोळ्यापर्यंत पोचली, तर चेहरा आधी जळून जाईल. नंबर असेल तर लेन्स लावून काम करा, चष्मा लावून करा, वर हेल्मेट हवंच.