मेजर किहोंचा आवाज नेमका कुणी तोडला?

डोनाल्ड किहो या नावाभोवती एक गोष्ट हमखास फिरते: अमेरिकी मरीन दलातल्या या मेजरने नोकरीत असताना उडत्या तबकड्यांच्या गुप्त फायली पाहिल्या, तोंड उघडलं, म्हणून सरकारने टीव्हीवर चालू कार्यक्रमात त्यांचा आवाज तोडला आणि पुढे त्यांना कायमचं गप्प केलं. गोष्ट झकास आहे. तारखा लावून पाहिल्या की उसवायला लागते.

आधी ते ‘नोकरीत असताना’. किहो वैमानिक होते, हे खरं. १९२२ मध्ये ग्वाम बेटावर विमान कोसळून हात जायबंदी झाला, १९२३ मध्ये त्यांनी दल सोडलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या विमान-प्रशिक्षण विभागात परतले आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. ‘उडती तबकडी’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला जून १९४७ मध्ये. तोवर किहोंची वर्दी कपाटात गेली होती.

मग माहिती कुठून आली? लिखाणाच्या धंद्यातून. १९२७ मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या वैमानिक लिंडबर्गच्या देशभरच्या दौऱ्याची व्यवस्था त्यांनी पाहिली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे मासिकांना वैमानिकांच्या साहसकथा पुरवल्या. त्यातला एक नायक चक्क मनातलं ओळखणारा! (एवढ्यावरून त्यांना थापाड्या ठरवणं मला पटत नाही. पोटासाठी कथा कुणीही लिहील.) १९४९ मध्ये ‘ट्रू’ मासिकाने तबकड्यांचा विषय दिला, जानेवारी १९५० च्या अंकात लेख आला. १९५३ च्या पुस्तकातल्या कित्येक घटना तर हवाई दलाच्या प्रसिद्धी कक्षातल्या अल्बर्ट चॉप यांनीच दिलेल्या.

आता आवाजाचं. २२ जानेवारी १९५८, सीबीएस या अमेरिकी वाहिनीचं थेट प्रक्षेपण. किहो मंजूर संहिता सोडून बोलू लागले आणि आवाज गेला. पडद्यावर ओठ तेवढे हलत राहिले. हे घडलं, नाकारायचं कारण नाही. कार्यक्रम सुरक्षेच्या दृष्टीने आधी तपासून घेतला होता, असा खुलासा वाहिनीनेच केला, म्हणजे संशयाला खतपाणीही तिनेच घातलं. पण तोडलेलं वाक्य काय होतं? काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, एक समिती तबकड्यांबाबतच्या गुप्ततेची चौकशी करतेय आणि आपण सहा महिने तिच्यासोबत काम करतोय, एवढंच सांगायला ते निघाले होते. परग्रहावरचा पुरावा खिशात नव्हता. आणि ८ मार्चला, म्हणजे दीड महिन्यात, हेच किहो पत्रकार माइक वॉलेसच्या मुलाखतीत टीव्हीवर हजर!

‘कायमचं गप्प’ हेही तसंच. १९५७ पासून १९६९ पर्यंत ते निकॅप या तबकड्यांचा शोध घेणाऱ्या खासगी संस्थेचे संचालक होते आणि हवाई दलावर तोफा डागत होते. त्यांना काढलं ते संस्थेच्याच मंडळाने, पैसे आणि कारभार यांवरून. मंडळाचा अध्यक्ष एकेकाळचा सीआयएचा माणूस, त्यामुळे कुजबुज होणारच. तरी १९७३ मध्ये त्यांचं आणखी एक पुस्तक आलंच.

गुप्तता मात्र होती, आणि तिथे किहोंचं नाक बरोबर होतं. ७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेतल्या केंटकीत वैमानिक कॅप्टन मँटेल आकाशातल्या चकाकत्या वस्तूमागे वर वर गेला, प्राणवायू नसताना, आणि विमानासकट कोसळून मेला. तो शुक्र ग्रहाच्या मागे लागला असावा, असं सांगितलं गेलं. किहोंना ते पटलं नाही, आणि पटण्यासारखं नव्हतंच. आज सर्वांत संभाव्य मानलं जातं ते स्कायहुक: नौदलाचा तेव्हा गुप्त असलेला, पॉलिथीनचा अवाढव्य फुगा.