‘कोकणात संडासाची टाकी उपसावी लागत नाही’? लागते!

पावसाळा तोंडावर आला की गावाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मथितार्थ असा: सेप्टिक टँक उपसणं म्हणजे शहरी थेर आणि गाडीवाल्यांची लूट, आपल्याकडे जांभा आहे, तो सगळं पाणी शोषून घेतो, वीस-वीस वर्षं टाकी भरत नाही, फार तर वर्षातून एकदा गूळ-ताक ओता, पावसात तुंबलं तर पाणी ओसरल्यावर आपोआप सुटतं, आणि विहिरीचं पाणी नितळ असेल तर काळजी कसली? खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. पोचलं. आता उत्तर.

आधी ‘टाकी भरत नाही’ हे बघू. नीट बांधलेली सेप्टिक टाकी वापर सुरू झाला की थोड्याच दिवसांत भरते आणि मग कायम भरलेलीच राहते. ती चालतेच तशी. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी पलीकडच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. जेवढं आत, तेवढं बाहेर. त्यामुळे बघायचं ते पाणी कुठपर्यंत आहे एवढंच. झाकण सरकवा, थोडा वेळ उघडं राहू द्या आणि लांबूनच बॅटरी मारा. आत वाकू नका, काडी-विडी जवळ आणू नका. आतला वायू माणूस मारतो. बाहेर जाणारा आडवा पाइप दिसेल. पाणी त्याच्या खालच्या कडेला टेकलेलं असेल तर ठीक. पाइप बुडालेला असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाहीये, नाहीतर मधला पाइप चोंदलाय. आणि पाणी पाइपाच्या बरंच खाली असेल तर टाकी गळतेय. वीस वर्षं ‘न भरलेल्या’ टाक्या बहुधा या तिसऱ्या जातीच्या.

अशा टाक्या आपल्याकडे रग्गड. चिरे रचायचे, गिलावा अर्धामुर्धा, तळाला काँक्रीट नाहीच. वर स्लॅब पडला की गवंडी म्हणतो, झाली सेप्टिक. दोन खड्ड्यांचा संडास वेगळा, तो मी यात धरत नाही. त्यात एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा आणि पहिला वर्ष-दीड वर्षाने कोरडं खत झाल्यावर उकरायचा असतो, तिथे गाडी खरंच लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक तिथलं वाक्य उचलून इथे चिकटवलंय.

जांभा हा या मेसेजचा कणा, आणि तो अर्धा खरा आहे. जांभा सच्छिद्र खराच, पण त्यातलं पाणी भोकाभेगांतून धावतं. जूनमध्ये पाऊस लागून पडला की विहीर भराभर वर येते आणि मे महिन्यात तीच तळ गाठते, ते त्यामुळेच. मैलापाणी शुद्ध होतं ते मातीतून हळूहळू झिरपताना. मातीच्या कणांत हवा लागते, जंतू अडकून मरायला वेळ लागतो. भेगेतून सुटलेल्या पाण्याला तो वेळ कुठला? ते खालच्या चिकणमातीवर थबकतं आणि आडवं वाहत उताराला लागतं. आणि आपल्या वाड्यांत उताराला काय असतं? खालच्या घराची विहीर, नाहीतर पर्या, म्हणजे ओढा. आयएस २४७० हे भारतीय मानक शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब ठेवायला सांगतं. कातळावर मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. समुद्रालगतच्या पुळणीत तर उलटी अडचण: वाळू पाणी बरं गाळते, पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणीच इतकं वर येतं की खड्ड्याचा तळ त्यात बुडतो.

‘पावसात तुंबलं तर आपोआप सुटतं.’ सुटतं, हो. पुढच्या वर्षी जरा उशिरा सुटतं, त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीपर्यंत सुटत नाही. टाकीतला गाळ वर्षानुवर्षं काढला नाही की तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जायला लागतो आणि खड्ड्याच्या भिंतींवर काळा बुळबुळीत थर धरतो. तो पाणी मुरू देत नाही. उन्हाळ्यात कसंबसं निभावतं, पावसात जमीन तुडुंब झाली की पितळ उघडं पडतं. त्यात गणपती. तीन माणसांच्या घरात मुंबईची पंधरा माणसं उतरतात, तीही ऐन भाद्रपदात. मग सणात संडास तुंबला की दोष चाकरमान्यांना!

खुणा आधीपासून दिसत असतात. एकच न्हाणी सावकाश उतरत असेल तर तिचा पाइप चोंदलाय. घरातलं सगळंच पाणी सावकाश उतरत असेल तर टाकीकडे किंवा खड्ड्याकडे बघा. संडासात पाणी ओतल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड येते. मागीलदारी खड्ड्यावरची जमीन चपलेखाली दबते, किंवा मे महिन्यात सगळं गवत वाळलेलं असताना तेवढाच तुकडा हिरवागार असतो. सगळ्यात पक्की खूण गाडी येते त्या दिवशी मिळते. टाकी रिकामी झाल्यावर पाच मिनिटं थांबा. शोषखड्ड्याकडच्या पाइपातून पाणी उलटं टाकीत यायला लागलं, तर खड्डा संपला. मग नुसता उपसा करून भागत नाही, नवा खड्डा दुसऱ्या जागी घ्यावा लागतो. तोवर न्हाणीचं पाणी वेगळं काढून माडाच्या आळ्यात सोडा आणि पागोळ्यांचं पाणी खड्ड्यापासून लांब वळवा. खड्ड्यावर गाडी उभी करत असाल तर ती आजच हलवा.

गूळ-ताकाबद्दल थोडक्यात. मैला कुजवणारे जंतू मैल्यातच असतात, त्यांना आमंत्रण लागत नाही. आणि कुजून कुजून जो गाळ उरतो तो ताकाने नाहीसा होत नाही. त्यापेक्षा या जंतूंना मारणारं, दर आठवड्याला ओतलं जाणारं अ‍ॅसिड आवरा.

नितळ पाणी हा मात्र धोक्याचा मुद्दा. विष्ठेतले जंतू दिसत नाहीत, त्यांना चवही नसते. पाणी तपासायची एच टू एस बाटली मिळते. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य सेवकाकडे चौकशी करा. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर दूषित समजायचं. पहिल्या जोराच्या पावसानंतर तपासा, तेव्हाच घाण उतरते. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं की त्या वेळचे जंतू मरतात, झिरपा चालूच राहतो. उकळून पिणाऱ्यांनाही सांगतो: मैलापाण्यातून नायट्रेट हा अपायकारक क्षारही येतो, आणि तो उकळून जात नाही.

राहिली लूट. दोन-तीन वर्षांतून एकदा गाडीला द्यायचे पैसे जड जातात, कबूल. पण ते वाचवायला माणूस खाली उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. वाडीतल्या चार घरांनी मिळून पावसाआधी एकच गाडी बोलवली तर दर कमी करून घेता येतो. बोलवताना मैला कुठे नेऊन टाकणार तेवढं विचारा. ‘टाकतो व्हाळाकडे कुठेतरी’ असं उत्तर आलं तर दुसरी गाडी बघा.